नळीतलं वाण

प्रिय अश्लेषा,

'प्रिय' लिहिलं ते शाळेत तसंच शिकवलं होतं म्हणून. राग गेलेला नाही माझा. तो जायची वाट बघत बसले तर रथसप्तमी निघून जाईल. संडासातल्या नळ्या, म्हणालीस तू. पाहुण्या यायची वेळ झाली होती आणि तू माझे दोन्ही ट्रे मधोमध मोडलेस, रोपांसकट, आणि कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये सोडलेस. एवढ्या वरून पडले, पण आवाज म्हणून आला नाही. रोपंच ती, किती आवाज करणार? वर मलाच म्हणालीस, आई, टॉयलेट रोल हळदीकुंकवाला, लोक काय म्हणतील? अगं, त्या नळीवर कोरा कागद गुंडाळलेला असतो. नळी कुठे जाऊन आलेली नसते. तू वाणाला आणलेल्या त्या स्टीलच्या डब्या दुकानात कोणकोणत्या हातांतून फिरल्या, ते विचारलंस का कुणाला?

फोनवर बोलले असते, पण फोनवर तू 'आई, कॉलवर आहे' म्हणतेस. अगं, मग मी कशावर असते? म्हणून लिहितेय. तुझ्याकडून निघून मैत्रिणीकडे, उल्काकडे, येऊन बसलेय खरी, पण रुचिर दुपारी ऑफिसातून इथे जेवायला येतो, त्याच्या हाती देईन. हो, येतो तो. तुला सांगितलं नसेल, घाबरतो तुला. पिठलं खातो, मान खाली घालतो, 'चला, घरी चला' म्हणतो आणि जातो. जावई चांगला आहे, पण बोलावायचं काम त्याचं नाही. मी बेडोकला तुझ्या घरी परत यायचं की सरळ ओतूरचं तिकीट काढायचं, ते तुझ्या उत्तरावर आहे. नीट वाच, एका डोळ्याने नको.

तू मला कंजूष म्हणालीस. म्हण. तुझ्या त्या मैत्रिणीने काचेच्या पेटीत दिवा लावून बी रुजवलंय, खाली गरम व्हायची गादी आहे म्हणे. सिंगापुरात! जिथे माणूस बसल्या जागी रुजेल, तिथे बियाला गादी! मी काय केलं? शेजारच्या लिम आंटीने अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे दिले. आमची दोघींची भाषा काय, तर तिचं 'कॅन' आणि माझं 'नो कॅन', तेवढ्यात वर्षभर भागलंय. नळी कापून अर्धी करायची, खालून चार दुमडी घालायच्या, माती भरायची, बी टाकायचं, वर चिमूटभर माती. झालं. नंतर तिकडे बघायचं नाही. पुठ्ठा पाणी पितो आणि धरून ठेवतो, ताटलीत पाणी साचत नाही, म्हणजे डासांची बोंब नको. तुझ्या लेकीच्या, क्षिप्राच्या, आइस्क्रीमच्या काड्यांवर तिनेच इंग्रजीत नावं लिहिली, इथले लोक प्रत्येक वाक्याला जोडतात तो 'लाह' सुद्धा लिहिला एकीवर. दुधाच्या खोक्यात मिरच्या, कॉफीच्या पेल्यात टोमॅटो, आणि पेल्याचं झाकण वर घातलं की आपोआप घाम सुटतो आत. पैसा नाही, कष्ट नाहीत. सगळ्यांत बरं म्हणजे नळीतलं रोप ओढून काढावं लागत नाही. नळीसकट मातीत पुरायचं, पुठ्ठा कुजून जातो, मुळाला कळतसुद्धा नाही जागा बदललेली. मला ओतूरहून आणलंत तेव्हा असं कुणाला सुचलं नाही.

जाऊ दे. रोपांचं मी कदाचित गिळलं असतं. ट्रे काय, परत होतील. पण त्यानंतर तू दाराशी तोरण सारखं करत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, आई, तू क्षिप्राला घेऊन आतल्या खोलीत बसतेस का, बायकांना ऑकवर्ड होतं. ऑकवर्ड म्हणजे काय ते मी क्षिप्राला विचारलं. ती म्हणाली, 'आजी, इट मीन्स दे डोन्ट नो वेअर टू लुक.' मग त्यांनी तिळगुळाकडे बघावं! मी एसी लावलेल्या खोलीत बसले आणि दाराच्या फटीतून अत्तराचा वास घेतला. लाडू माझे वळलेले. हलव्याचे दागिने माझे ओवलेले. बाहेर कुणीतरी म्हणालं, लाडू काय खुसखुशीत झालेत, कुणी केले? आणि तू म्हणालीस, घरीच केलेत. घरीच! घराला हात फुटले होते जणू.

मला त्या खोलीत काय आठवत होतं माहितीये? तू ओतूरला विमानाने, मग टॅक्सीने, सुजल्या डोळ्यांनी पोचलीस तो दिवस. तुझ्या दोन्ही आत्या मला ओट्यावर घेऊन बसल्या होत्या. कुंकू पुसून झालं होतं, बांगड्यांची पाळी होती. तू बूटसुद्धा काढले नाहीस. आत शिरलीस आणि थोरल्या आत्याच्या हातातला दगड काढून घेऊन अंगणात भिरकावलास. म्हणालीस, माझ्या आईच्या हाताला कुणी हात लावायचा नाही. सगळा गाव जमला होता. कुणाची टाप झाली नाही. त्या बांगड्या अजून आहेत माझ्या हातात, हे लिहिताना कागदावर घासतायत. मला वाटलं, हिच्याबरोबर मी कुठेही जाईन, सिंगापूर तर सिंगापूर. अख्ख्या गावाला न भ्यालेली माझी पोरगी पुण्या-मुंबईच्या दहा-बारा बायकांना भ्याली? ओतूरला तुझे बूट चालले आणि इथे माझं कपाळ चालत नाही?

आता ऐक, ती रोपं कशाची होती. विचारलंच नाहीस तू. झेंडूची होती. वर्षश्राद्धाला बाबांच्या फोटोला तू टेक्काच्या बाजारातून जाडजूड हार आणलास ना, तो सुकल्यावर फेकायला निघाली होतीस. मी काढून घेतला, फुलं कुस्करली आणि काळं बी नळ्यांत घातलं. तुझी ती माणसं म्हणतील, मेलेल्या माणसाच्या हारातलं वाण सवाष्णींना देतेस, काय बाई आहेस! अशीच आहे. ते जिवंत असते तर स्वतः नळ्या कापून दिल्या असत्या आणि दर दोन मिनिटांनी चहा मागितला असता. त्यांच्या नावाचं फूल दहा घरांच्या खिडकीत उमलावं, एवढंच होतं मनात. तू ते शूटमध्ये टाकलंस. मुद्दाम नाही टाकलंस, ते मला माहीत आहे. म्हणून तर लिहितेय, नाहीतर गेलेच असते.

पण बी सगळं तुझ्याकडे नव्हतं. तुझ्या कॉरिडॉरमध्ये ऊन येत नाही, म्हणून निम्म्या नळ्या मी आधीच क्वीन्सटाउनला उल्काकडे आणून ठेवल्या होत्या. आज सकाळी बघितलं तर एकीला कळी धरलीय. तर रविवारी रथसप्तमीला, संध्याकाळी, उल्काच्या ब्लॉकखाली दगडी टेबलांपाशी माझं हळदीकुंकू आहे. होय, माझं. उल्काचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, ती येणार. लिम आंटीचाही म्हातारा नाही, तिला 'संडे, फ्लॉवर, कॅन?' विचारलं, ती 'कॅन कॅन' म्हणाली. नवरेवाल्या आल्या तर त्यांनाही लावू, आम्ही भेदभाव करत नाही. वाण एकच, नळीतला झेंडू. तुझ्या मैत्रिणींना सांग, ज्यांना कुठे बघावं कळत नाही त्यांनी रोपाकडे बघावं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. दुसऱ्यांना कुंकू लावायचं तर आधी माझं कपाळ मोकळं राहून चालायचं नाही. उल्का लावते म्हणाली, मी नको म्हटलं. पहिलं बोट तुझं हवं. त्या दिवशी तू पोचलीस तोवर ते पुसून झालं होतं, थोडा उशीर झाला होता तुला. आता वेळ आहे. चारचौघांत, खाली सगळ्यांसमोर, तुझ्या त्या मैत्रिणी असतील तर त्यांच्यासमोर लावायचंस, खोलीत नाही. लावलंस तर त्याच रात्री तुझ्याबरोबर बेडोकला येते, भांडण संपलं. जमणार नसेल तर तसं सांग. मी रुचिरला तिकीट काढायला सांगेन आणि एक नळी पिशवीत घालून ओतूरला घेऊन जाईन. शुक्रवारी दुपारी रुचिर जेवायला येईल, त्याच्या हाती उत्तर पाठव. लिहून पाठव. फोनवरचा तो अंगठा मला पाठवू नकोस. मी चौथी शिकलेली बाई चार कागद लिहिते, तू एवढी शिकून अंगठा उठवू नकोस.

तुझीच, आणि अजून तरी इथलीच,
आई

शुक्रवार म्हणजे शुक्रवार.