सफरचंदावरची वेल

२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या रोपवाटिकेतून आणलेली क्लेमॅटिसची वेल मेली. पानं काळी पडली, मुळं कुजली. सफरचंदाच्या झाडावर चढवायची म्हणून अगदी बुंध्याला खेटून लावली होती. आपली माती चिकण, पण खड्डा काय सुरेख झाला होता! ओला हात फिरवून आतून गुळगुळीत केला, तरी ही तऱ्हा.

तुझ्या भावोजींचं एकच पालुपद, झाड फळ धरत नाही, तोडून गाडीसाठी शेड बांधू. चाकावरून उतरवलेली माझी ओली भांडी त्याच सावलीत सावकाश सुकतात, उन्हात तडकतात, हे सांगून मी थकले. शेवटी ऑगस्टअखेरची मुदत मिळाली. तोवर नव्या वेलीचं एक तरी फूल दिसलं तर झाड राहील. मला ते झाड हवंय रे. काहीतरी कर.

घरात सर्वांना आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग झाडाची काळजी वाटली. अगं, जन्मभर भांडी घडवलीस म्हणून जमिनीतही भांडंच घडवायचं? चिकणमातीच्या भिंती गुळगुळीत केल्यास, पाणी जाणार कुठून? वेल बुडून मेली.

सोबत दोन वर्षांचं रोप पाठवतोय. बुंध्यापाशी झाडाची मुळं नव्या रोपाला पसरायला जागा देत नाहीत, म्हणून फांद्यांचा घेर संपतो तिथे खड्डा घे. भिंती कुदळीच्या टोकाने ओरबाडून ठेव. हात लावू नकोस, तुझे हात ऐकायचे नाहीत! मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळ, रोप जरा खोल लाव आणि एक काठी तिरकी टेकवून खालच्या फांदीपर्यंत वाट करून दे. पुढचं तिचं ती बघेल.

भावोजींना नमस्कार, त्यांच्या शेडला नाही. माया असू दे.

धाकटा

१ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वेल झाडावर चढली, फांद्यांत शिरली आणि दिसेनाशी झाली. रोज मान मोडेस्तोवर वर बघायचे, नुसती पानंच पानं. काल मुदत संपली. आज सकाळी लाकूडतोड्या करवत घेऊन दारात हजर. शब्द म्हणजे शब्द. सुकत घातलेली भांडी उचलून आत नेऊ लागले. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात हे वरच्या खोलीतून ओरडत अनवाणीच खाली आले, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. हाताला धरून मला वर नेलं, खिडकीशी उभं केलं. झाडाच्या शेंड्यावर बशीएवढी जांभळी फुलं! वेल उजेडाच्या ओढीने थेट वर गेली होती, खालून दिसणार कशी? झाड शेवटचं एकदा पाहावं म्हणून पडदा सरकवला, असं म्हणाले.

लाकूडतोड्याला चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून मी एकच विचार करतेय. हे गप्प बसले असते, तर मला कधी कळलंही नसतं.

येऊन बघून जा. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी ताई