तीन गावं, एक कोर्ट

१० जानेवारी १९८३, सोमवार
सरकारचं पत्र आलं. तागबाक, लिनावान, बुंगाद, तिन्ही गावांची कोर्टं बंद. तिन्हींना मिळून एकच, आमच्या तागबाकमध्ये. पाच आठवड्यांनी पहिलं कामकाज. पाहायला राजधानीहून इन्स्पेक्टर. जमलं तर कोर्ट इथेच. नाही तर तिन्ही गावं समुद्रापलीकडच्या शहराला जोडणार. बोटीने तीन तास.
सगळी व्यवस्था माझ्याकडे. एकतीस वर्षं कोर्टाची क्लार्क आहे, त्यापूर्वी रीतसर बी.ए. काळजीचं कारण नाही.

१३ जानेवारी
लिनावानच्या कोर्टाचं सामान आणायला ट्रक पाठवला. ट्रकच्या काचा आणि ड्रायव्हरचे दोन दात गेले. लोक त्याला म्हणाले, खुर्ची नेताय तर आमचा मेयरही न्या, तोही बसूनच असतो.
न्यायाधीश लिमस्याको म्हणाले, "एमेरिता, लक्षण बरं नाही." मी म्हटलं, खुर्चीसाठी माणसं रक्त सांडतात म्हणजे कोर्टाबद्दल आदर आहे. ते फाइलमध्ये तोंड घालून बसले. बहुधा पटलं.

२१ जानेवारी
गावागावांची वेगळी बाकं बंद केली. सगळ्यांनी मिसळून बसायचं. दहा वाजता सरावासाठी लोक बसवले. सव्वादहाला बुंगादच्या एकाचं मनगट मोडलं, तागबाकच्या दोघांची डोकी फुटली.
निश्चय: बाकं जमिनीला ठोकणे.

२ फेब्रुवारी
ठोकली. आता लोक चपला फेकतात. प्रगती आहे.

१३ फेब्रुवारी, रविवार
उद्या पहिली केस. बुंगादच्या सिन्फोरोसोने लिनावानच्या आर्तेमियोचा डावा कान कोयत्याने उडवला. मासे धरायला समुद्रात घातलेल्या कुंपणाच्या वादातून. आरोपी, फिर्यादी, साक्षीदार आणि पुराव्याचा कोयता, सगळं एकाच जीपनीतून, म्हणजे लांबट प्रवासी जीपमधून, आणायचं ठरवलं. पेट्रोल वाचेल. जेवणाची सुट्टीही वाचावी म्हणून भात-मासळीच्या पुड्या गाडीतच.
शिपाई क्रिसोस्तोमो मला मोठी बहीण मानतो. म्हणाला, "मानांग एमिंग, जीपनीत बाकं समोरासमोर असतात. गुडघ्याला गुडघा लागतो." मी म्हटलं, कोर्टातही समोरासमोरच उभे राहणार आहेत. "तिथे मध्ये तुम्ही असता," म्हणाला. खरं आहे. तरी बेत बदलणार नाही.

१४ फेब्रुवारी, दुपारी १
जीपनी पोचली. छप्पर नाही.
क्रिसोस्तोमोच्या जबानीनुसार: आर्तेमियोने पुडी सोडली आणि रीतीप्रमाणे एकेकाला "या, जेवा" म्हणाला. ड्रायव्हरला म्हणाला. रस्त्यावरच्या म्हशीवाल्याला म्हणाला. समोरच्या सिन्फोरोसोला वगळलं. सिन्फोरोसो म्हणाला, "कान कापला तो मान्य आहे. पण मी काय कुत्रा आहे?" आणि बाकाखालचा कोयता काढला.
आता आर्तेमियोचा उजवा कान अर्धा आहे. दोन साक्षीदार शेतात पळाले, एक चाकाखाली आला. पाय वाचेल म्हणतात.
इन्स्पेक्टर आत कॉफी घेताहेत. त्यांना सांगितलं, पक्षकार पोचलेत.

दुपारी ४.३०
कामकाज सुरू झालं याची नोंद असावी. अकरा मिनिटं चाललं. मग तिन्ही गावं आत घुसली. ठोकलेली बाकं फरशीसकट उपटली. न्यायाधीश टेबलाखाली. कोणीतरी शांतता राखायलाच हवी होती. हाताशी शिक्का मारायचं लोखंडी यंत्र होतं, ते उचलून समोरच्या डोक्यात घातलं. एकदम शांतता झाली.
ते डोकं इन्स्पेक्टरांचं होतं.
बेशुद्ध असले तरी कपाळावर कोर्टाचा शिक्का स्वच्छ उमटला होता.

२५ फेब्रुवारी
तिन्ही गावांच्या मेयरनी पहिल्यांदाच एका कागदावर सह्या केल्या. मजकूर: आम्ही भांडू, पण ही बाई नको. एकीची सुरुवात म्हणून कागद जपून ठेवला आहे.
आर्तेमियो येऊन गेला. विचारत होता, केस कधी लागणार. उजव्या बाजूने मोठ्याने सांगावं लागलं, लवकरच.

७ मार्च, सोमवार
हुकूम आला. तिन्ही गावं शहराच्या कोर्टाला जोडली. आमच्या केसेस आता तिकडे.
यादीत पहिली केस माझी. सरकारी अधिकाऱ्यास गंभीर दुखापत. दुसरी आर्तेमियोची. तारीख एकच, २१ मार्च, सकाळी साडेआठ. गैरहजर राहिल्यास वॉरंट.
तो सोमवार आहे. सोमवारी बोट नसते. रविवारीही नसते. शनिवारी जाऊन दोन रात्री धक्क्यावर काढाव्या लागतील, मी आणि आर्तेमियो.
इतकं साधं ज्याला कळत नाही, त्याच्याकडे व्यवस्था दिली तरी कोणी?