बस म्हटलं की बसतो

४ मार्च

शिट्टीवाल्या बाईंचा फोन. ठिगळचं, आमच्या कुत्र्याचं, नाव स्पर्धेत आहे म्हणे, येताय ना? एकदा आज्ञापालनात आणि एकदा अडथळ्यांच्या शर्यतीत! यांनी आजारपणाच्या आधीच नाव देऊन ठेवलेलं. मला पत्ताच नाही. बाई मैदानावर कुत्र्यांना शिकवतात, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे त्यांना शिट्टीवाली म्हणायचे.

म्हणायचे. आता काहीच म्हणत नाहीत. झटका आला त्यात उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. उरला एकच शब्द — बस. भूक लागली, बस. पंखा हवा, बस. पंखा नको, बस. मी समोर जाऊन उभी राहिले, तरी बस.

बाईंना नाहीच सांगणार होते. 'नाही हो, आता कसलं' एवढं म्हणाले आणि यांनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. "बस! बस!"

ठिगळ ताबडतोब बसला.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? फोन पुरे कर, की नाही म्हणणं पुरे कर? डोळ्यांत पाहिलं तर पाणी. येतो म्हणून सांगून टाकलं. मला कुत्रं धड फिरवता येत नाही!

५ मार्च

बाईंनी पुन्हा फोन करून कुत्र्याची जात विचारली. म्हटलं, आई कोण ते माहीत नाही आणि बाप कोण ते आईलाही माहीत नसावं. खूप हसल्या. मिश्र गटात घालते म्हणाल्या.

एक कान उभा, एक पडलेला. पाठ तपकिरी, पोट पांढरं, शेपटी कुठल्या भलत्याच कुत्र्याची. माझ्या टोपलीतले उरलेले तुकडे जोडून केल्यासारखा. म्हणून यांनी नाव ठेवलं ठिगळ. मी कपडे दुरुस्त करते, चेन बदलते, पायघोळ पॅन्ट कापून देते — माझ्या धंद्यावरून कुत्र्याचं नाव! तेव्हा मी दिवसभर फुगले होते.

७ मार्च

बोलायला शिकवणारी मुलगी येऊन गेली. लेकीहून लहान असेल, पण बोलते मात्र सासूसारखी. म्हणाली, 'बस' म्हटल्यावर कुणी काही आणून द्यायचं नाही. थांबायचं. अडलं की दुसरा शब्द शोधतील. मी मान डोलावली. तेवढ्यात हे म्हणाले "बस", आणि ठिगळ बसला.

मुलीनं त्याच्याकडे रागानं बघितलं. "हा शब्द कामाला येतोय तोवर दुसरा कशाला येईल?" कुत्र्याला बाहेर ठेवा म्हणाली. ठेवलं. मग यांनी तोंडच मिटून घेतलं. तिनं चित्रं दाखवली — कप, चावी, गाडी. हे खिडकीकडे. शेवटी माझा फोटो धरला. ही कोण? बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. माझा जीव कानांत आला.

"बस."

स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

८ मार्च

कुणाला सांगणार, इथे लिहिते. मला माझं नाव ऐकायचंय. यांच्या तोंडून. कागदावरचं नव्हे — लग्नानंतर यांनी ठेवलेलं, फक्त घरात हाक मारायचं, ते. दुसरं कुणालाच ते माहीत नाही. यांना आठवलं नाही तर संपलं ते.

११ मार्च

मैदान. हे गाडीत, काच खाली करून. मी आणि ठिगळ आत.

मी चल म्हटलं, तो यांच्याकडे बघतो. थांब म्हटलं, यांच्याकडे बघतो. पट्टा धरला की ओढतो, सोडला की गाडीकडे पळतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं — म्हण ज्यानं केली त्याच्याकडे असंच कुत्रं असणार. बाकीच्यांची कुत्री अंगावर एक केस इकडचा तिकडे नाही अशी. मालकांचेही नाहीत.

बाई म्हणाल्या, तुम्ही त्याला आज्ञा देत नाही, विनंती करता. खरं आहे. हे ड्रायव्हिंग शिकवायचे. शिकणारा झाडावर गाडी घालायला निघाला तरी आवाज चढायचा नाही, पण गाडी थांबायची. मला तो आवाज कुठून आणायचा?

अडथळे बघितले. उड्या, कापडी बोगदा, काठ्यांमधून नागमोडी, एक वरखाली होणारी फळी. कुत्र्याबरोबर बाजूनं मीही धावायचं म्हणे. या गुडघ्यांनी!

१२ मार्च

गुडघे.

१५ मार्च

आज मला कळलं तो असा वेड्यासारखा का वागतो!

ठिगळ उड्या मारत होता. चक्क माझं ऐकून! शेवटची आली, मी ओरडले, "बस, एवढी एकच!" तो उडीसमोर टुणकन बसला. पुन्हा नेला. "बस, झालंच आता!" पुन्हा बसला. शिट्टीवाल्या बाई पोट धरून हसायला लागल्या. म्हणाल्या, अहो, तुम्ही दर दोन वाक्यांनी त्याला बसवताय.

दिवसभर लक्ष ठेवलं. बाई बरोबर सांगत होत्या. गिऱ्हाईक आलं की म्हणते, बसा. ब्लाउज घालून बघा, नीट बसतोय का. बाही बसत नाहीये, खांदा छान बसलाय. शिवणकामात तर सगळं बसतं नाही तर बसत नाही. पुढच्या खोलीतल्या दुकानात ठिगळ दिवसभर ऊठबस करतो, आणि मला वाटायचं त्याला पिसवा झाल्यात!

हे सगळं यांना सांगितलं. हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा आवाज करून हसले. वाकडं तोंड आणखी वाकडं करून.

१६ मार्च

'बस' बंद. गिऱ्हाइकाला म्हटलं, "टेका." ती बघतच राहिली. बाही 'जमतेय'. खांदा 'लागतोय'. संध्याकाळपर्यंत जीभ दुखायला लागली. एक शब्द टाळायचा तर माझी ही गत. यांना एक सोडून सगळे टाळावे लागतात.

१९ मार्च

आजचा दिवस नको होता.

दुपारी यांना काहीतरी हवं होतं. बस. पाणी दिलं. नाही. चष्मा? नाही. पाठीशी उशी, पेपर, खिडकी उघडली, खिडकी लावली. नाही, नाही. त्या मुलीनं सांगितलेलं सगळं विसरले आणि घरातली एकेक वस्तू समोर धरत सुटले. कात्रीसुद्धा दाखवली. बस, बस, बस — आवाज चढत गेला. ठिगळ पहिल्याच हाकेला बसलेला. आणखी किती बसणार? तो उठला आणि पुन्हा बसला. यांच्याकडे बघितलं, पुन्हा उठला, पुन्हा बसला. शेपटी पायात. त्या मुक्या जनावराला वाटलं असेल, आपलंच काहीतरी चुकतंय.

हे रडले. मी रडले. काय हवं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता झोपलेत. कळणारही नाही कधी.

२० मार्च

लेकीचा फोन. कालचं सांगितलं नाही. सगळं ठीक म्हटलं.

२३ मार्च

आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहून ठेवते. ठिगळला बस म्हटलं की बसतो, पण उठत नाही. यांची शिस्त — ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं. हे म्हणायचे, "चल बेटा." तेवढं म्हटल्याशिवाय तो हलायचा नाही, समोर मटण ठेवलं तरी. आता बसवणारे बसवतात आणि उठवता येत नाही. घरी मी पट्टा धरून उठवते. 'चल बेटा' मीही म्हणून पाहिलं. तो माझ्याकडे बघतो आणि मग यांच्याकडे, की हिचं ऐकू का?

शिट्टीवाल्या बाईंना विचारलं, स्पर्धेत हे बाहेर बसले आणि 'बस' म्हणाले तर? त्या जरा गंभीर झाल्या. बाहेरून कुणी आज्ञा दिली तर बाद. यांना घरी ठेवा म्हणाल्या.

घरी कसं ठेवू? हे ज्या दिवसाची वाट बघतायत तो हा एकच आहे.

२७ मार्च

बोलायला शिकवणारी मुलगी आज जरा मऊ. म्हणाली, आत शब्द असतो त्यांच्या, माणूसही कळतो, पण तोंडातून भलताच शब्द बाहेर पडू शकतो. घाबरू नका आणि चुकलं म्हणून सुधारू नका. मी म्हटलं, भलता का होईना, पडू दे! उद्या स्पर्धा आहे हे ऐकून ठिगळच्या डोक्यावर चक्क हात ठेवला तिनं.

२८ मार्च

झाली स्पर्धा.

आज्ञापालनात बरं झालं. पहिलं नाही, शेवटूनही पहिलं नाही. मी थांब म्हटलं, तो थांबला. ये म्हटलं, आला. जरा डुलत डुलत आला, पण आला! हे दोरीपलीकडे चाकाच्या खुर्चीत, गळ्यातला मफलर तोंडापर्यंत. मीच तसा गुंडाळला होता, 'बस' बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. लाज वाटते, पण गुंडाळला होता.

मग अडथळे. काय पळाला माझा ठिगळ! बोगद्यातून एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर, मध्ये रेंगाळणं नाही. काठ्यांमधून तर सुई कापडातून जावी तसा. मी मागे धापा टाकत. लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी म्हणालं, कुठल्या जातीचं आहे हे? फळीही पार केली. उरल्या दोन उड्या.

आणि दोरीपलीकडून —

"बस! बस! बस!"

मफलर खाली ओढलेला. चेहरा लाल, डावा हात वर. इतकं खूश मी यांना कधी बघितलं असेल कोण जाणे. शाबास म्हणायचं असेल, बहुतेक शाबासच. त्या शब्दाचं शेपूट तेवढं बाहेर आलं.

ठिगळ बसला. दोन उड्या समोर असताना, भर मैदानात, पाठ ताठ करून बसला. माझ्याकडे बघेना. यांच्याकडे तोंड.

टाळ्या थांबल्या. मी ऊठ म्हटलं. चल म्हटलं. चल बेटा म्हटलं, किती वेळा ते आठवत नाही. तो यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि यांना कळलं. हात खाली आला. यांनी तोंड उघडलं. मला दिसत होतं काय म्हणायचंय ते, सगळ्या मैदानाला दिसत होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या. आणि आलं काय?

"बस."

तो आणखी ताठ बसला.

टोपीवाले परीक्षक माझ्याजवळ आले. सभ्य माणूस. म्हणाले, "माफ करा, बाहेरून आज्ञा झाली." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? त्या सगळ्या मैदानात सर्वांत आज्ञाधारक कुत्रा तोच होता, आणि बाद तोच झाला. पट्टा घातला तरी हलेना. शेवटी उचलला. ओझं केवढं! त्याला पोटाशी धरून मी दोरीपर्यंत चालत आले आणि यांच्या मांडीवर ठेवला. यांनी मान फिरवली. कुत्र्याकडे नाही, माझ्याकडे नाही.



२९ मार्च

आज एकदाही 'बस' नाही.

३१ मार्च

आजही नाही. भूक लागली तरी नाही. मी ताट नेते, थोडं खातात. ठिगळ खुर्चीसमोर आपणहून बसतो, वर बघतो, उठतो, पुन्हा बसतो. हे डोळे मिटून घेतात.

जो शब्द ऐकून कान किटले होते, तो मला हवाय. कसाही. रागानं का होईना. काय करू, कुणाच्या पाया पडू, कळत नाही. बाहीला चुकीच्या रंगाचा दोरा लावला आज, सगळा उसवला.

२ एप्रिल

बोलायला शिकवणाऱ्या मुलीनं सगळी चित्रं दाखवली. कप, चावी, गाडी, मी. काही नाही. जाताना दारात म्हणाली, कधीकधी माणूस ठरवून गप्प बसतो, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. तिचेही डोळे भरले होते. मीच तिची समजूत घातली!

लेक फोनवर म्हणते, कुत्रा शिट्टीवाल्या बाईंना देऊन टाक, बाबांना त्याच्याकडे बघून त्रास होतो. तिला तोडून बोलले. मग वाटलं, बरोबर असेल तिचं. मग वाटलं, नसेल. बाईंना फोन लावला आणि कुणी उचलायच्या आत ठेवून दिला.

५ एप्रिल

पाऊण पॅन्ट शिवून झाली. बाकी काही नाही.

६ एप्रिल

संध्याकाळी दुकानाचं दार लावत होते. आतून हाक आली.

"ठिगळ."

स्पष्ट. ठ पण नीट. कुत्रा माझ्या पायातून सुसाट आत. मी मागोमाग, भिंतीला धरत. त्यानं यांच्या मांडीवर दोन्ही पाय ठेवले होते, चाटत सुटला होता. यांनी डाव्या हातानं त्याला हळूच बाजूला केलं. माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच. आणि पुन्हा म्हणाले,

"ठिगळ."

मी म्हटलं, "आले."