पहिलं बाळंतपण माहेरी

तात्या, परवा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीचं बोलायला गेलो होतो. तिथून परतताना तुमची आठवण झाली आणि खरं सांगू, तुमचीही किळस आली.

इंदापूरला डाळिंबाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी मशिनरी बघतो. तुम्ही गेल्यावर लागलो तिथं. बारामतीच्या कंपनीत सगळं जुळलं होतं. पगार ठरला, शिफ्ट ठरली, जळोचीत खोलीसुद्धा बघून ठेवलेली. चहा आला. मॅनेजर म्हणाला, "अजून काही विचारायचंय?" मी म्हटलं, "साहेब, बायकोला सातवा सरत आलाय. बाळंतपणात बापाला रजा किती मिळते?" त्यानं काचेवर टकटक करून शेजारच्या केबिनमधल्याला बोलावलं. "अहो, या की! आपल्याकडं बाळंतीण आलीय बघा." तो आत येऊन मला विचारतो, "डिंकाचे लाडू सांगायचे का?" दोघं खिदळायला लागले, तोंडात बिस्किटाचा लगदा तसाच. शी!

"पहिलं बाळंतपण माहेरी," मॅनेजर डोळे पुसत म्हणाला. "जावयानं बारशाला जायचं, पेढे वाटायचे. तुमचं काय काम तिथं?" मी सांगितलं, तिला आई नाही. कऱ्हाटीला म्हातारा बाप आणि एक भाऊ, त्यांना स्वतःचा चहा धड करता येत नाही. माझीही आई गेली. बाळाला न्हाऊ घालायचं, तिला शेक द्यायचा, तिच्या पोटाला वेळेवर काही करून घालायचं, कुणी? "मग बाई लावा की," म्हणाला आणि दुसरं बिस्किट बुडवलं.

तुम्हीही असंच बोलायचात. डेअरीतून आलात की ओट्यावर बसायचात. शेजारच्यानं बायकोसाठी पाणी तापवायला ठेवलेलं दिसलं, की हितून हाळी, "काय रं बायल्या, चूल पेटली का?" अख्खी आळी हसायची. आणि माझ्या आधीची ती पोरगी? मोरगावला आजोळी झालेली. पोरगी दूध ओढत नाही हे सांगायला मामा एसटीनं डेअरीवर आला, तर तुम्ही त्याला म्हणालात, "बारशाला येतोच की. आत्ता यिऊन मी काय दूध पाजू?" बारशासाठी पिवळं झबलं घेतलंत. ते घेऊन गेलात तेव्हा पोरीला पुरून झालं होतं. तुमच्या लेकीचं तोंड तुम्ही बघितलंच नाही. आई एकदा हे मला भाकरी थापता थापता सांगत होती, तुम्ही समोरच जेवत होतात. ताटावरून उठलात आणि बाहेर गेलात. पुढं तेच झबलं मला घातलं.

शेवटच्या आजारात एकदाच तुम्ही आपणहून त्या पोरीचा विषय काढलात. "रजा मागायची लाज वाटली रं. समदी हसली असती."

हसतात, तात्या. मी मागितली आणि हसले. पण हसण्यानं माझं काय झिजलं? चहा तसाच ठेवला, "राहू द्या तुमची नोकरी," म्हटलं आणि उठलो. मॅनेजर मागनं म्हणाला, "अहो, चेष्टा केली." असली चेष्टा घाला चुलीत! इंदापूरचा मालक उठसूट शिव्या घालतो, पण त्याला रजेचं विचारलं तर म्हणाला, "जा की मर्दा. मशीन काय पळून जातंय व्हय?" म्हणजे आहे तिथंच राहिलो.

झबलं अजून कपाटात आहे. बायको म्हणते, बाळाला पहिलं हेच घालू, जुनं कापड मऊ लागतं. मी तिच्यावर खेकसलो. तुमच्या त्या बारशाची वस्तू माझ्या लेकराच्या अंगाला नको, म्हणालो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते कळत नाही, तेव्हा इथंच राहील. एवढं मात्र सांगतो, आज सकाळी मीच ते झबलं धुतलं आणि दोरीवर वाळत घातलंय.