घर तुमच्या एकट्याच्या नावावर होतं

नाना, लातूरचं घर मागच्या महिन्यात विकलं. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायची सोय नाही, आणि हे पत्रही कुठं टाकता येणार नाही. पण मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि आईसमोर ते जमत नाही.

तो दिवस मला अजून दिसतो. घर नुकतंच बांधून झालंय, स्वयंपाकघरात रंगाचा वास आहे. तुम्ही सीएसाहेबांना जेवायला बोलावलंय. आई गरम भाकरी वाढतेय आणि ते तुम्हाला समजावताहेत, की प्लॉटच्या धंद्याची वेगळी कंपनी काढा, नुसते गुंतवणूक म्हणून धरलेले प्लॉट बाजूला दाखवा, हे घर वहिनींच्या नावावर करा. तुम्ही भाकरी कुस्करत म्हणालात, "धंदा म्हंजे मीच की, साहेब. माझ्यातून मला वेगळं कसं काढू?" सगळे हसले. मी तुमची एकुलती एक, जरा लाडावलेली. मी म्हटलं, घर तरी आईच्या नावावर करा. तुमचा हात थांबला. "बाप जिता हाय अन् वाटण्या करायलीस?" आपल्याकडे जित्या माणसाच्या कागदावर दुसऱ्याचं नाव घालायचं म्हणजे त्याच्या मरणाची तयारी करायची, असंच समजतात. आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि विषय तिथंच मिटला.

तुमचा हिशोब साधा होता. प्लॉट विकून आलेल्या नफ्यातून राहतं घर बांधलं, म्हणजे कर माफ. ते खरंही होतं, पण जमीन घेऊन नुसती धरून ठेवणाऱ्यासाठी. तुम्ही तर लातूरपासून चाकूरपर्यंत प्रत्येक लेआउटच्या तोंडाशी स्वतःच्या नावाचा बोर्ड लावलात, खाली ठळक अक्षरात 'प्रोप्रायटर'. आयकरवाल्यांनी त्याच बोर्डांचे फोटो पुढं ठेवले. हा माणूस गुंतवणूकदार नाही, प्लॉटचा व्यापारी आहे. नफा धंद्याचा, माफी रद्द, वर व्याज आणि दंड. हौसेला मोल नाही म्हणतात. तुमच्या हौसेचं मोल घराएवढं निघालं. तुम्ही गेल्यावरही नोटिसा काही दिवस तुमच्याच नावानं येत होत्या, मग वारस म्हणून माझ्या आणि आईच्या नावानं येऊ लागल्या. अपिलं हरलो. सीएसाहेब धीर देत म्हणाले, "ताई, तुमच्या पगाराला हात लागणार नाही. वडलांकडून जे आलं, तेवढ्यापुरतीच जबाबदारी." उरलेले प्लॉट तुमच्या दुखण्यातच गेले होते. तुमच्याकडून आलेलं म्हणजे ते घरच.

इतकी वर्षं कागदावर आपलं नाव लावायला आईच तयार नव्हती. "त्यांचं नाव खोडू नको," एवढंच म्हणायची. पण विकायचं तर वारसांची नावं लावणं भागच होतं. घराच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदा आलं ते असं, विकण्यापुरतं. सही करायला निघताना तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. त्या साडीवरून मला तुमचा इतका राग आला की रजिस्ट्री ऑफिसात मी कुणाशी धड बोलले नाही.

आता ती नांदेडला माझ्याकडं असते. हा फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतलाय, माझ्या एकटीच्या नावावर. काल जेवताना तिला विचारलं, "आई, या घरावर तुझं नाव घालू का?"

तिनं ताटातून मान वर केली नाही. "नको बाई. नाव लागलं की घर जातंय. मी अशीच राहते."

मी पुन्हा विचारलं नाही. बसले होते तुमच्याशी भांडायला आणि लिहावं लागतंय हे, नाना, की ती नको म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं.