नागूबाईच्या समोरच्या दाताची रिकामी जागा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
कृत्रिम दंत विभाग,
मांजराकाठ दंत महाविद्यालय, बीदर.

विषय : छापील दात काढून घेऊन पूर्वीची फट परत करण्याबाबत.

संदर्भ : १) माझा कन्नड अर्ज. २) त्यावर आपले इंग्रजी उत्तर. ३) माझा दुसरा कन्नड अर्ज. ४) तेच इंग्रजी उत्तर.

महोदय,

दोन भाषा वापरून झाल्या, म्हणून हा अर्ज घरच्या भाषेत लिहीत आहे.

१. मी भगवानराव, शेतकरी, रा. मंठाळ, ता. बसवकल्याण. माझी पत्नी नागूबाई हिचा वरचा समोरचा दात मुलं लहान असताना म्हशीच्या शिंगाने पडला. तिथे फट राहिली. गावात तिला खिडकी म्हणत. आपल्या शिबिरात आमच्या सुनेने, स्नेहाने, सासूचे नाव घातले. यंत्राने थरावर थर देऊन छापलेला दात शेजारच्या दाताला मागून चिकटवून मिळाला, तोही फुकट. अट एकच : दात अभ्यासात राहील, त्याचा रंग आणि झीज अधूनमधून तपासली जाईल.

२. नागूबाई मिसरी लावते. डॉक्टरांपुढे काळे दात कसे दाखवायचे, म्हणून तिने रंग जुळवायच्या आधी राखेने घासघासून दात पांढरे केले. आपण त्या पांढऱ्याला रंग जुळवला. दात बसला आणि ती पुन्हा मिसरी लावू लागली. यात आपल्या डॉक्टरांची चूक नाही. पुढे बाकीचे दात पूर्वीसारखे तपकिरी झाले. छापील मात्र चहा-हळदीने पिवळा पडला, ओल्या हळकुंडासारखा.

३. आपल्या अहवालात लिहिले आहे की रंगातला बदल डोळ्याला जाणवण्याइतका नाही. तिची चुलत जाऊ भागाबाई हिला तो अंगणाच्या पलीकडून जाणवला. ती ओरडली, "अगं नागू, खिडकीला फळी बसिवलीस ती बसिवलीस, वर हळद कामून लावलीस?" बाया हसल्या. नागूबाईही हसली, पण तोंडावर पदर धरून. तो पदर अजून खाली आलेला नाही.

४. दाताची कड कडक भाकरीने तिरपी झिजली आहे. झीज मोजणारे आपले यंत्र तसाच दुसरा छापील दात पाण्यात एका कठीण गोळ्यावर घासते, असे कळले. यंत्र भाकरी चावत नाही हे पाहून पुढच्या खेपेस मी त्याच्यासाठी दोन कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली. ते सगळे आपले शिपाई ईरण्णा यांनी खाल्ले. म्हणाले, "मशीनला दात हाईत, पोट न्हाई, अण्णा. भाकर वाया कामून घालवायची?" त्यांच्याबद्दल तक्रार नाही. अहवालात झीज सामान्य आहे.

५. हा परिच्छेद लिहून खोडला. त्यात राग होता, आणि तो पुरता लिहून होईपर्यंतही टिकला नाही.

६. मी दोन्ही वेळा नवा दात मागितला. आपण कळवले, बदल दिसत नाही म्हणून नवा देता येत नाही, आणि अभ्यास संपेपर्यंत जुना काढता येत नाही. बसवकल्याणच्या डॉक्टरांनी हात लावला नाही. "ज्यांनी चिकटवला त्यांनाच सोडवू द्या," म्हणाले.

३. (पुन्हा.) मुद्दा तिथेच राहिला होता. त्या फटीतून नागूबाई शीळ घालायची. नाल्यापलीकडून म्हैस आपली आपण घरी यायची. आता शीळ घालायला गेली की नुसता वारा निघतो. म्हैस मान वर करून बघते आणि पुन्हा चरू लागते. मग मी जातो. परवा मी तिसरा अर्ज लिहायला बसलो, तेव्हा ती पदराआडून म्हणाली, "दातच कामून मागायलाव अजून? माझी खिडकी मागा की."

म्हणून आधीचे दोन्ही अर्ज रद्द समजावेत.

७. विनंती एवढीच, की दात सोडवून आपल्याकडे ठेवून घ्यावा. अभ्यास यंत्रात चालू द्यावा. भाकरी आम्ही पाठवत जाऊ. इतक्या वर्षांत त्या रिकाम्या जागेचा रंग बदललेला नाही, आणि ती झिजलेलीही नाही.

तिसऱ्यांदा आपल्या दाराशी आलेला,
भगवानराव
(नागूबाईची संमती : डाव्या हाताचा अंगठा)
दिनांक : आवक शिक्का पडेल तो.

सोबत :
१) आपली दोन्ही उत्तरे.
२) कडक भाकरी, ईरण्णा यांच्यासाठी.
३) नागूबाई स्वतः. बाहेर बाकावर बसली आहे.