शेवळांची भाजी आणि फुकटची काकडं

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मेव्हणा भिमाजीचा नमस्कार. मनमाडला आपण आणि अक्का सुखरूप असालच. आपला घसा ठणठणीत असल्याचं अक्काच्या मेसेजवरून कळलं, फार धीर आला. (घसाच का, ते पुढे येईल.) फोन करणार होतो, पण आवाज उरलेला नाही. शिवाय फोन वाजला की हल्ली मी तो उशीखाली सरकवतो.

आमच्या सईने स्वतः पसंत केलेल्या श्रेयसचे आईवडील परवा जेवायला आले होते. होकार की नकार, ते जेवणानंतर ठरायचं होतं. वडील वेणीमाधवराव पंचवटीत यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. म्हटलं, श्रीखंड कुणीही वाढतं, आपण रानातली ताजी भाजी वाढू. म्हणून गाडी काढून हरसूलच्या बाजारात गेलो. तिथे धोंडाबाई म्हणून एका बाईकडे शेवळं मिळाली. कोवळी, जांभळट, मुळाला अजून ओली माती. भाव ठरला, तर तिने वर मूठभर काकडं, म्हणजे रानातली आवळ्यासारखी हिरवी आंबट फळं, पिशवीत टाकली, फुकट. दाजी, माझा नियम आपल्याला ठाऊक आहे: न मागता फुकट मिळतो तो माल पडून राहिलेला असतो. लेथवरून स्वतःच्या कारखान्यापर्यंत आलो तो याच नियमावर. काकडं परत केली. वळलो तशी ती शेजारणीला म्हणाली, "जाऊ दे वं, घास उतरला की याद यील त्याला माझी." माझे कान तिखट. ऐकलं, आणि हिचा डाव बरोबर ओळखला म्हणून खूश झालो.

काकडांचा रस घातल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात, हे आम्हाला शेजारच्या मंगलाबाईंनी सांगितलं. पाहुणे गेल्यावर. (रांधणारी आमची मंडळी येवल्याकडची, तिने शेवळं जन्मात पाहिली नव्हती.) त्यातून मी पान वाढताना मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो की भाजी सईच्या हातची. पहिल्या घासाला वेणीमाधवराव खाकरले, मला वाटलं काही बोलणार. मग त्यांच्या गोदावरीबाई खाकरल्या, मग मी. सगळी पंगत खाकरत होती आणि पाणी पीत होती. गोदावरीबाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या तेही मी ऐकलं, "संपवा. पोरीने केलीये." श्रेयसने तर डोळ्यांतून पाणी गळत असताना दुसऱ्यांदा वाढून घेतली. जेवणानंतर होकार द्यायला कुणाचा आवाजच शिल्लक नव्हता. हात जोडून गेले. ज्यांचं पोट मंत्रांवर चालतं त्यांचाच घसा मी बसवला, दाजी. दुसऱ्या दिवशीची पूजा त्यांनी म्हणे खुणांनी सांगितली. तेव्हापासून मला झोप नाही. पोरगी माझ्याकडे बघत नाही, आणि ते रागावून बोलण्यापेक्षा फार वाईट आहे.

अक्कास नमस्कार.

आपला,
भिमाजी

ता.क. आज गोदावरीबाईंचा मेसेज आला: "रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला या. शेवळांचीच भाजी करते." पुढे काही नाही. काकडं घालणार का, हे विचारायची माझी छाती नाही. दाजी, आपण रविवारी यावंच. पंगतीत सर्वांत वडील आपण, पहिला घास मानाने आपलाच.

दुसरा ता.क. सईने आत्ताच सांगितलं, तिने श्रेयसच्या घरी सगळं खरं सांगून टाकलंय: भाजी कुणी आणली आणि काकडं कुणी परत केली. त्यावर वेणीमाधवराव पोट धरून हसले म्हणे, आवाज न करता. आता माझं पान ते स्वतः वाढणार आहेत. दाजी, आदल्या दिवशीच या.